सबस्टेशनच्या खोलीतला तक्ता

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं होतं. पण सुरुवातीच्या वर्षांतले पाण्याचे टँकर, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, कन्व्हेयन्ससाठी मारलेले हेलपाटे हे सगळं आपल्या माजी सचिवांनी याच अंकात माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. तेव्हा मी समितीकडे परवानगी मागितली, की मला दुसराच एक इतिहास लिहू द्या. तो आपल्या सोसायटीचा नाही, पण त्याचा एक तुकडा पंचवीस वर्षं आपल्या आवारात भिंतीवर टांगलेला आहे.

बी विंगच्या मागे विजेच्या सबस्टेशनची खोली आहे. दारावर कवटीची पाटी आणि आत डाव्या भिंतीवर एक तक्ता : ‘विजेचा धक्का बसल्यास करावयाचे उपचार’. असा तक्ता स्थानिक भाषेत लावलाच पाहिजे असा विजेच्या नियमांतच दंडक होता, आणि तो कारखान्यांनाही लागू होता. बँकेत असताना स्टॉक इन्स्पेक्शनसाठी मी शेकडो कारखान्यांत गेलो असेन. हा तक्ता प्रत्येक ठिकाणी पाहिला, वाचला एकदाही नाही. आपल्या तक्त्यातल्या मुख्य चित्रात एक माणूस पालथा पडला आहे आणि दुसरा त्याच्या मांड्यांपाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी त्याची पाठ दाबतो आहे.

हे चित्र मी नीट पाहिलं ते २००९ सालच्या गणपतीनंतर. जुन्या सभासदांना ती संध्याकाळ आठवत असेल. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांचं नाव देत नाही, पण वहिनींना विचारूनच लिहितो आहे. आरती संपून मंत्रपुष्पांजली चालू होती. ते माझ्या उजव्या हाताला उभे होते. वय छप्पन्न. हातातल्या फुलांसकट ते खाली कोसळले.

आम्ही काय काय केलं? सगळ्यांनी गराडा घातला. कुणी पुठ्ठ्याने वारा घातला, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी धावत जाऊन कांदा फोडून आणला आणि नाकाशी धरला. जिभेखाली ठेवायची गोळी कुणाकडे आहे का, म्हणून चार मजले पालथे घातले गेले. तळपाय चोळले. मधूनच ते आचका दिल्यासारखा श्वास घेत होते, म्हणून ‘श्वास चालू आहे’ असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. मी त्यांचं मनगट धरलं होतं. ‘नाडी लागतेय’ असं मीच मोठ्याने म्हणालो. ती माझ्याच बोटातली धडधड होती हे मला फार नंतर कळलं. शेवटी एका गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना दुमडून ठेवलं आणि निघालो. विसर्जनाची गर्दी होती. पोचायला पंचवीस मिनिटं लागली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासून एकच विचारलं, “येताना छाती कुणी दाबत होतं का?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

त्या प्रश्नाने मला वाचायला लावलं. बँकेतल्या माणसाला जुनी खाती उकरायची सवय असतेच. छाती दाबायची हे कुणी आणि कधी शोधून काढलं, आणि आपल्या तक्त्यात पाठ का दाबली जाते आहे, एवढंच मला सुरुवातीला पाहायचं होतं.

या खात्यातल्या पहिल्या नोंदी बुडालेल्या माणसांच्या आहेत. १७४० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने शिफारस केली, की बुडालेल्याच्या तोंडात तोंडाने हवा भरावी. त्याआधी आठ वर्षं स्कॉटलंडमध्ये टॉसॅक नावाच्या सर्जनने खाणीत गुदमरलेल्या एका कामगाराला याच रीतीने शुद्धीवर आणलं होतं. १७६७ मध्ये ॲम्स्टरडॅमला, शहरभर कालवे आणि लोक त्यांत पडत असल्यामुळे, बुडालेल्यांना वाचवणारी संस्था निघाली. १७७४ मध्ये लंडनला तशीच निघाली. या संस्थांनी पुष्कळ शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि एक अफलातून गोष्टही सांगितली : बुडालेल्याच्या गुदद्वारातून भात्याने तंबाखूचा धूर आत सोडावा. त्यासाठीच्या पेट्या थेम्सच्या काठी ठेवलेल्या असत. हसायला येतं खरं. पण आमच्या गावी विहिरीत पडलेल्या पोराला पालथ्या घागरीवर पोटावर टाकून हलवताना मी लहानपणी पाहिलं आहे, आणि कांदा तर आम्ही २००९ साली फोडला.

पुढे तोंडाने हवा भरणं मागे पडलं. ते किळसवाणं वाटे, भात्याने फुप्फुसं फुटतात अशीही भीती निघाली. मग माणसाचे हात वरखाली करा, कुशीवर लोळवा, अशा पद्धती एकामागून एक आल्या. १९०३ मध्ये एडिनबर्गचे प्राध्यापक शेफर यांनी पालथं झोपवून पाठ दाबण्याची पद्धत मांडली. सोपी, एकट्याला जमणारी. शाळा, बालवीर, आगगाड्या, वीज कंपन्या, सगळीकडे ती गेली. आपल्या तक्त्यातला गृहस्थ शेफरसाहेबांचीच पद्धत करतो आहे! म्हणजे मूळ शोधाला शंभर वर्षं होत आली तरी चित्र छापणाऱ्याने ब्लॉक बदलला नव्हता.

या सगळ्या पद्धती श्वासाच्या होत्या. हृदय थांबलं की संपलं, अशीच समजूत होती. १८९१ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनला मास नावाच्या डॉक्टरने बंद छातीवर दाब देऊन माणसाचं रक्ताभिसरण चालवल्याची नोंद केली, पण ती फाइलबंदच राहिली. नंतरची साठएक वर्षं एकच मार्ग उरला : सर्जनने छाती कापायची आणि हृदय मुठीत धरून दाबायचं. ऑपरेशन टेबलावर ते शक्य होतं, गणपतीच्या मांडवात अर्थातच नाही.

इथे वीज कंपन्यांचा संबंध येतो. तारा गावोगाव पोचू लागल्या तसे लाइनमन मरू लागले. अंगावर फारशी जखम नसे आणि माणूस गेलेला. १८९९ मध्ये जिनिव्हात प्रेव्होस्त आणि बातेल्ली यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की विजेच्या लहान धक्क्याने हृदय नुसतं थरथरायला लागतं, आणि मोठ्या धक्क्याने ते थरथरणं थांबवताही येतं. हे थरथरणं म्हणजे काय, तर ताट हलवल्यावर खरवस थरथरतो तसं. हालचाल दिसते, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. धक्का नेमकं काय करतो हे मला आमच्या सर्वसाधारण सभेवरून समजलं. सगळे सभासद एकाच वेळी बोलायला लागले की कामकाज बंद पडतं. मग अध्यक्ष टेबलावर जोरात हात आपटतात, क्षणभर सगळे गप्प होतात आणि विषयपत्रिका पुन्हा सुरू होते. विजेचा धक्का हृदय ‘सुरू’ करत नाही, गोंगाट थांबवतो. सुरू ते आपलं आपण होतं.

अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी या संशोधनाला पैसे दिले. ते काम करणाऱ्यांत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले कौवेनहोवेन हे प्रमुख. डॉक्टर नव्हेत, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९५४ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी ते अभियांत्रिकीच्या डीनपदावरून निवृत्त झाले आणि गुंडाळून बसायच्या ऐवजी वैद्यकीय विभागात प्रयोगशाळा थाटून कामाला लागले. (आमच्यासारखे निवृत्त लोक क्लबहाउसमध्ये पेपर कुणी आधी घेतला यावरून भांडतात, हे जाता जाता.) तोवर क्लीव्हलंडच्या बेक या सर्जनने १९४७ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला धक्का देऊन ते पूर्ववत केलं होतं आणि १९५६ मध्ये बोस्टनच्या झॉल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देऊन दाखवला होता. कौवेनहोवेनही बाहेरूनच धक्का देणारं यंत्र बनवत होते.

१९५८ मध्ये त्यांचा तरुण सहकारी निकरबॉकर, तोही इंजिनिअरच, कुत्र्याच्या छातीवर धक्का द्यायच्या जड पट्ट्या दाबून धरत असताना त्याच्या लक्षात आलं, की वीज सोडायच्या आधीच, नुसत्या दाबाने, रक्तदाबाचा काटा हलतो आहे. बस्स, एवढंच. हजारदा समोर असलेली गोष्ट एकाने पाहिली. मग जूड नावाचा सर्जन त्यांना येऊन मिळाला. कुठे दाबायचं, किती, किती वेळा, हे त्यांनी ठरवत नेलं. भूल देताना हृदय थांबलेल्या एका बाईवर, छाती न उघडता, नुसत्या हातांनी जूडने ते केलं आणि ती वाचली. ९ जुलै १९६० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये तिघांचा लेख आला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते, आणि लेखाचा सांगावा असा होता, की यापुढे हे कुणालाही, कुठेही सुरू करता येईल, लागतात फक्त दोन हात. जॉन्स हॉपकिन्सने १९६९ मध्ये या इंजिनिअरला सन्मानाने वैद्यकाची पदवी दिली.

त्याच शहरात, दुसऱ्या इस्पितळात, व्हिएन्नाहून आलेले भूलतज्ज्ञ पीटर सफार श्वासाचा प्रश्न सोडवत होते. त्यांनी स्वतः होऊन पुढे आलेल्या माणसांना औषधाने श्वास बंद पडेल असं निश्चल केलं आणि वैद्यक न शिकलेल्या साध्या माणसांना त्यांच्या तोंडात हवा भरायला लावलं. मान मागे केली की श्वासाचा मार्ग मोकळा होतो, तोंडाची हवा पुरते, आणि पाठ दाबण्यासारख्या जुन्या पद्धतींनी पुरेशी हवा आत जात नाही, हे त्यातून सिद्ध झालं. शेफरसाहेबांचा कारभार तिथे आटोपला. हातांचा दाब आणि तोंडाचा श्वास यांची जोडी जमली ती हीच सीपीआर.

सफार यांचं आणखी एक काम मला फार मोठं वाटतं. ते पुढे पिट्सबर्गला गेले. तिथे तेव्हा रुग्णाला न्यायला पोलिसांची व्हॅन किंवा अंत्यविधीवाल्यांची गाडी येई. १९६६ मध्ये त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतले, कुणी कामावर ठेवत नसलेले तरुण घेतले आणि त्यांना शिकवून ‘फ्रीडम हाउस’ ही ॲम्ब्युलन्स सेवा उभी केली. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या प्रशिक्षित पथकांपैकी ते एक.

आपल्या क्लबहाउसमध्ये ज्या बाहुलीपुढे आपण गुडघे टेकले, तिचीही कुळकथा सांगतो. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावचे आस्मुंड लार्डाल हे खेळणी बनवणारे. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा बुडता बुडता वाचला होता. सरावासाठी माणसाएवढी बाहुली हवी, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी मऊ प्लास्टिकची ‘ॲन’ केली, १९६० मध्येच. चेहरा घेतला तो घरात पाहिलेल्या एका मुखवट्यावरून. पॅरिसला सेन नदीत बुडून मेलेल्या अनोळखी मुलीचा तो मुखवटा, असं सांगतात. खरंखोटं कुणी ठरवू शकलेलं नाही. पण बुडालेल्यांपासून सुरू झालेली गोष्ट पुन्हा एका बुडालेलीच्या चेहऱ्यापाशी यावी, याचं मला नवल वाटतं.

राहिलं यंत्र. ते इस्पितळात आणि माणूस रस्त्यावर, ही अडचण बेलफास्टच्या पँट्रिज या डॉक्टरने सोडवली. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या कैदेत होते, अर्धमेले होऊन परतले होते. १९६६ च्या जानेवारीत त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं सत्तर किलोचं यंत्र ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. पुढे काही वर्षांतच त्याचं वजन तीनेक किलोंवर आलं. सिएटल शहराने १९७२ पासून सामान्य नागरिकांनाच सीपीआर शिकवायला घेतलं. आणि नंतर आलं ते स्वयंचलित यंत्र, एईडी. धक्का द्यायचा की नाही हे ते स्वतः ठरवतं. माणसाने चिकटपट्ट्या लावायच्या आणि ते बोलेल तसं करायचं.

आता ज्या कारणासाठी हा लेख आहे ते. अमेरिकेतल्या जुगारघरांत एईडी ठेवून तिथल्या सुरक्षारक्षकांना ती वापरायला शिकवलं होतं. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हृदय थरथरत असलेले १०५ जण त्यांनी हाताळले, त्यांतले ५३ टक्के जिवंत घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के. ही कामगिरी हृदयरोगतज्ज्ञांची नाही, वॉचमनची आहे. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. आमची पंचवीस मिनिटं यात कुठे बसतात, याचा हिशेब मला पुन्हा करायचा नाही.

तरीही गेल्या वर्षी एईडीचा विषय सभेत आला तेव्हा आक्षेप आले, आणि ते चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. लाखाच्या आसपासचा खर्च, तोही लिफ्टचं काम राहिलेलं असताना. “उद्या फासळी मोडली तर केस होईल.” फासळी मोडते, कधीकधी मोडतेच. पण हृदय बंद पडलेल्या माणसाला त्याहून वाईट काही व्हायचं उरलेलं नसतं. कायद्याचं म्हणाल तर सद्हेतूने, त्या माणसाच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीवाचून केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेच्या ९२ व्या कलमात संरक्षण होतं आणि नव्या न्याय संहितेतही ती तरतूद आहे. “आपण डॉक्टर नाही” हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा आला. त्याचं उत्तर म्हणून मी वरचा सगळा इतिहास सभेत सांगायला लागलो होतो. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

ठराव मंजूर झाला आणि प्रशिक्षणही झालं. शिकवायला आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत दोन गैरसमज काढले. हार्ट अटॅक म्हणजे पाण्याची लाइन तुंबणं आणि कार्डिॲक अरेस्ट म्हणजे पंपच बंद पडणं. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, पण दोन्ही एक नव्हेत. लाइन तुंबलेला माणूस बोलतो, घामाघूम होतो. त्याची छाती दाबायची नाही, त्याला ताबडतोब इस्पितळात न्यायचं. दुसरा हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही. मधूनच येणारे आचके हा श्वास नव्हे. हे त्या म्हणाल्या तेव्हा मी खाली पाहिलं. नाडी शोधत बसू नका, हेही त्यांनीच सांगितलं.

सामान्य माणसासाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सोपी रीत ठरवली आहे. तोंडाने श्वास द्यायची गरज नाही, नुसती छाती दाबायची. त्याआधी कुणाला तरी १०८ लावायला आणि कुणाला तरी एईडी आणायला पाठवायचं. छातीच्या मधोमध, हाडावर, एका तळव्यावर दुसरा तळवा, कोपर ताठ, दोन इंच खोल, सेकंदाला जवळजवळ दोन वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. पंप थांबला तर टाकीत पाणी असून नळाला येत नाही, तसंच आहे ते.

माझं सांगायचं तर मी एक मिनिट दहा सेकंद टिकलो. गुडघे बोलायला लागले. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, आणि म्हणूनच एकट्याने शिकून भागत नाही. सर्वांत उत्तम दाब दिला तो रात्रपाळीच्या वॉचमनने. मशीनमध्ये हिरवा दिवा लागावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

वहिनीही आल्या होत्या. मला वाटलं नव्हतं येतील. त्यांनी साडीचा पदर खोचला, बाहुलीपाशी बसल्या आणि पूर्ण दोन मिनिटं दाब दिला. मग उठून माझ्याजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, एवढंच होतं का हे?” मी काही बोललो नाही. काय बोलणार?

आता व्यवहाराचं. एईडीचा डबा मुख्य गेटच्या केबिनमध्ये नाही, तर बाहेरच्या भिंतीवर, कॅमेऱ्याखाली, बिनकुलपाचा लावला आहे. कुलूप असावं असं काहींचं मत होतं, पण मग किल्ली कुणाकडे? मशीन इंग्रजीत बोलतं, म्हणून डब्याच्या झाकणावर मराठीत आणि हिंदीत तीन-तीन ओळी चिकटवल्या आहेत. चिकटपट्ट्यांना आणि बॅटरीला मुदत असते. दर महिन्याच्या एक तारखेला मी दिवा आणि मुदत पाहून रजिस्टरमध्ये सही करतो. माझ्यानंतर हे काम कुणी घ्यायचं ते समितीने अजून ठरवलेलं नाही. सिक्युरिटी एजन्सी दर पाच-सहा महिन्यांनी माणसं बदलते, त्यामुळे वॉचमनचं प्रशिक्षण पुन्हा पुन्हा करावं लागणार. पुढचा वर्ग दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, क्लबहाउसमध्ये आहे. सी विंगमधून आत्तापर्यंत फक्त चार नावं आली आहेत.

सबस्टेशनमधला तक्ता मी काढू दिलेला नाही. त्याच्या शेजारी नवा लावला आहे.